कोपऱ्यावर उतरणारी बाई

आप्पांच्या घरात शिकाऊ उमेदवार म्हणून कामाला लागण्याची पाळी जिच्यावर आली, तिच्या गुडघ्यांची आणि संधिवाताची नुकतीच ओळख झाली होती. उमेदवार म्हणजे आप्पांचा मुलगा नव्हे, मुलगीही नव्हे. ती दोघं आपापल्या नोकरीला लागून, आईबापांना फोनवरून 'पाणी भरपूर प्या' असं बजावण्याच्या वयाला पोचली होती. उमेदवार म्हणजे खुद्द वहिनी, आप्पांच्या सौभाग्यवती.

मुलं बाहेर पडल्यावर वहिनींनी मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदवीला नाव घातलं. "इतकी वर्षं तेच करतेय, त्याला काय म्हणतात ते तरी कळू दे," असं त्यांचं म्हणणं. परीक्षा झाल्या. मार्क असे पडले की वर्गातली पोरं 'काकू, नोट्स द्या ना' म्हणून मागे लागली. आता राहिलं होतं ते एकच. कुठल्यातरी कंपनीत इंटर्नशिप करायची, तिथल्या एका प्रत्यक्ष प्रकरणाचा अभ्यास करायचा आणि अहवाल द्यायचा. त्याशिवाय पदवी नाही.

वहिनी कंपन्यांच्या पायऱ्या झिजवू लागल्या. पायऱ्या झिजल्या नाहीत, गुडघे झिजले. एके ठिकाणी त्यांना मुलीला सोडायला आलेली आई समजून बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणीही दिलं. दुसरीकडे टाय बांधलेल्या एका मुलाने विचारलं, "मॅम, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" वहिनी म्हणाल्या, "गुडघ्यांनी साथ दिली तर दुसऱ्या मजल्यावर." मुलाने ते लिहून घेतलं आणि पुन्हा कधी फोन केला नाही.

शेवटी एका संध्याकाळी त्या घरी आल्या, फाइलची पिशवी कपाटाच्या वर, जुन्या सुटकेसच्या मागे ठेवली आणि कणीक मळायला घेतली. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत, आप्पांच्या चपला दारात आडव्या पडल्या होत्या त्यावरही बोलल्या नाहीत. आप्पा घाबरले. ज्या घरात चपलांवरून बोलणं होत नाही त्या घरात काहीतरी भयंकर घडलेलं असतं.

आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. एका कंपनीच्या एचआर मॅडमना माणसाची निकड होती. त्यांच्या हाताखालची मुलगी लग्न करून गेली होती, आणि टेबलावर कागदांचा ढीग एवढा झाला होता की मॅडम ढिगाच्या पलीकडून बोलतात अशी तक्रार होती. त्यांनी फोनवरच विचारलं, "उद्यापासून याल?" वहिनी 'येते' म्हणाल्या, फोन ठेवला आणि मग मोबाइलवर आलेला पत्ता वाचला. पाण्याचे पंप बनवणारी कंपनी. आप्पांची कंपनी.

आता आप्पांविषयी थोडं सांगायला हवं. आप्पा त्या कंपनीत भांडारप्रमुख होते. बोल्ट, वॉशर, ग्रीस, हातमोजे, जे काही कामगाराच्या हातात पडायचं ते आप्पांच्या खिडकीतून पडायचं, आणि सहज पडायचं नाही. फाटका हातमोजा जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे. एकदा एका कामगाराचा हातमोजा यंत्रात ओढला गेला. हात वाचला म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले. आप्पांनीही मानले, आणि मग मोज्याचा तुकडा तरी आणा म्हणाले. अशा माणसाला पाठीमागे लोक काय म्हणत असतील ते इथे छापण्याजोगं नाही.

पण आप्पांना त्याची पर्वा नव्हती. त्यांचं लक्ष निवृत्तीवर होतं, आणि ती आता चार पावलांवर आली होती. त्या कंपनीत एक पद्धत होती. जो माणूस आपली मुदत पूर्ण करून, एकही चौकशी अंगाला न लागता निवृत्त होई, त्याच्यासाठी मालक स्वतः खाली उतरत. दोन शब्द बोलत. यंत्रं थांबत, कामगार दोन्ही बाजूंना उभे राहत आणि तो माणूस मधून चालत फाटकापर्यंत जाई. आप्पांनी ही चाल मनात इतक्या वेळा चालून पाहिली होती की रस्त्यानेही ते हल्ली जरा सावकाश, दोन्ही बाजूंना मान हलवत चालत.

"बरं झालं की," आप्पा म्हणाले. "एकाच गाडीवर जाऊ."

"हे वाचा," असं म्हणून वहिनींनी कॉलेजची पुस्तिका पुढे केली. त्यात लिहिलं होतं की, ज्या संस्थेत विद्यार्थ्याचा जवळचा नातेवाईक नोकरीत असेल तिथली इंटर्नशिप मूल्यमापनास पात्र धरली जाणार नाही.

आप्पांनी नियम वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. नियम चांगला होता. आप्पांनी स्वतः केला असता तर असाच केला असता. मग त्यांनी वर पाहिलं, तर वहिनी कपाटाकडे बघत होत्या, जुन्या सुटकेसच्या दिशेने. आणि ज्याने तुकड्याशिवाय मोजा दिला नाही त्या माणसाच्या तोंडून शब्द निघाले, "कोणाला कळणार आहे?"

तसं कळण्याचं कारण नव्हतं. कॉलेजात वहिनींचं माहेरचं नाव होतं, कारण जुन्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या होत्या. आणि नाव बदलून घ्यायला जी कागदपत्रं मागत होते ती जमवण्यापेक्षा नवरा बदलणं सोपं पडलं असतं. कंपनीत वहिनींना कोणी पाहिलेलं नव्हतं. घर घराच्या जागी आणि ऑफिस ऑफिसच्या जागी, हा आप्पांचा आणखी एक नियम. शिवाय एचआरचं दार पुढच्या रस्त्याला आणि भांडाराचं फाटक मागच्या. एवढं सगळं देवाने जुळवून आणलं होतं. पण देव जुळवतो तिथे शेजारी असतो.

शेजारचे निवृत्त हेडमास्तर चहाला आले आणि गुप्त गोष्ट ऐकून इतके खूश झाले की त्यांनी दुसरा कप मागितला. आयुष्यभर मुलांच्या कॉप्या पकडल्यामुळे कॉपी कशी करावी याचं त्यांचं ज्ञान दांडगं होतं.

"एकत्र जा, पण एकत्र पोचू नका," ते म्हणाले. "आप्पा, तुम्ही वहिनींना अलीकडच्या कोपऱ्यावर उतरवा. तिथून त्या पुढच्या दाराने जातील. आणि वहिनी, चेहरा दिसता कामा नये. हेल्मेट, काळा चष्मा, खाली रुमाल. वरून एक लांब कोट घाला."

"उकाड्यात कोट?"

"पकडले जाणारे सगळे उकाड्याचाच विचार करतात, वहिनी."

दुसऱ्या दिवसापासून ठरल्याप्रमाणे सुरू झालं. रोज सकाळी आप्पांची स्कूटर कोपऱ्यावर थांबे, मागून एक कोट, काळा चष्मा आणि हेल्मेट उतरे. हेल्मेटचं बक्कल अडकायचं, ते आप्पा हनुवटीखाली हात घालून सोडवत. मग कोट इकडेतिकडे पाहून चटकन गल्लीत शिरे. आतल्या दुकानाच्या आडोशाला कोट पिशवीत जाई आणि वहिनी पुढच्या दाराने कामावर हजर होत. योजना इतकी चोख होती की आजवर ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं त्या आप्पांकडे आठवड्याभरात अख्खी कंपनी पाहू लागली.

कोपरा नेमका मागच्या फाटकाच्या वॉचमनसमोर होता. हे हेडमास्तरांना माहीत नव्हतं आणि आप्पांना सुचलं नव्हतं, कारण वॉचमन रोज समोर असून आप्पांनी त्याला कधी पाहिलेला नव्हता. वॉचमनने मात्र सगळं पाहिलं. त्याने ते फक्त कॅन्टीनवाल्याला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना सांगितलं.

कंपनीत दोन तट पडले. हिशेब खात्याच्या प्रमुखांचं मत असं की ती बाई एखाद्या पुरवठादाराची माणूस असणार, वॉशरचा ठेका मिळवायला रोज सकाळी आप्पांना गाठते. बाकी सगळ्यांचं मत सरळ होतं. आप्पांनी या वयात पाखरू गाठलं.

पहिला आरोप कानावर आला तेव्हा आप्पांना रात्रभर झोप लागली नाही. भांडारावर डाग! दुसरा कानावर आला तेव्हा, खरं सांगायचं तर, त्यांना बरी झोप लागली. कारण कंपनीत काहीतरी बदललं होतं. ज्या पोरांनी कधी साधा नमस्कार केला नव्हता ती 'काय साहेब!' म्हणून हसू लागली. कोणी खिडकीशी येऊन फाटका मोजा न मागता जमा करू लागला. एकाने तर विचारलं, "साहेब, शर्ट कुठून घेता?" आप्पांचे शर्ट गेली कित्येक वर्षं वहिनी घेत असत, पण त्यांनी दुकानाचं नाव सांगितलं. पुढच्या आठवड्यात मिशीला काळा रंग लागला.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

"उन्हाने होतं," आप्पा म्हणाले.

"उन्हाने पांढरं होतं."

"प्रत्येकाची प्रकृती."

इकडे वहिनींची इंटर्नशिप झकास चालली होती. मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांना 'मॅम' म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी 'काकू', आणि ढीग खाली जाऊन पलीकडचा माणूस दिसू लागल्यावर 'काकू, तुम्ही नसतात तर!' रजेचे अर्ज, ओव्हरटाइमची भांडणं, कोणाला पंखा हवा, कोणाला त्याच पंख्याने सर्दी होते, वहिनी सगळं मिटवत. त्यांना पहिल्यांदाच कळलं की घरी ज्याला 'किरकिर' म्हणतात त्याला ऑफिसात 'पाठपुरावा' म्हणतात.

आणि एके दिवशी मॅडमनी दार लावून घेतलं.

"काकू, तुमच्या अहवालासाठी प्रकरण हवं होतं ना? एक आलंय. नाजूक आहे. भांडारप्रमुखांविषयी तक्रार आहे. रोज एका बाईला घेऊन येतात. ती पुरवठादाराची असेल तर गंभीर आहे. तुमच्याशी लोक मोकळेपणाने बोलतात. ती बाई कोण ते तुम्ही शोधून काढा."

वहिनी घरी आल्या त्या हसत की रडत ते आप्पांना ठरवता येईना.

"माझ्यावर चौकशी?" आप्पा खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर दोन्ही बाजूंचे कामगार एकेक करून निघून जाऊ लागले.

"तुमच्यावर. आणि करणार मी."

हेडमास्तरांना तातडीने बोलावण्यात आलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "सोपं आहे. उद्यापासून वहिनींना मी सोडतो. आप्पा एकटे जातील. बाई नाहीच, मग चौकशी कसली?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या स्कूटरवरून तोच कोट, तोच चष्मा, तेच हेल्मेट त्याच कोपऱ्यावर उतरलं. दुपारपर्यंत कंपनीभर झालं की त्या बाईने आप्पांना सोडून टक्कल असलेला दुसरा धरला. आप्पा चहाला गेले तर कॅन्टीनवाल्याने त्यांचा चहा न सांगता दुप्पट गोड करून दिला. एका फिटरने खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या साहेब. अशा बायका कोणाच्या होत नाहीत." चूळ भरल्यासारखा चहा तोंडात फिरवत आप्पा उभे राहिले. बायकोविषयी असं ऐकून घेणारा नवरा जगात तो एकटाच असावा, आणि त्याला हातमोजा उगारायचीही सोय नव्हती.

वहिनींनी चौकशी मात्र मन लावून केली. त्यांचा स्वभावच तसा. तांदूळ निवडायला घेतले तरी खड्डा खणल्यासारखं खोल जायचं. पहिली साक्ष वॉचमनची.

"वय काय असेल त्या बाईचं?"

"तिशी," वॉचमन म्हणाला. "जास्तीत जास्त."

वहिनींनी ते लिहून घेतलं. मग नीट दिसत नाही म्हणून खाली पुन्हा एकदा लिहिलं.

"कशावरून?"

"अहो, उतरतानाच कळतं. अशी टुणकन उतरायची!" मागून बस हॉर्न देत असे म्हणून जीव मुठीत घेऊन वहिनी उतरत, ते हे. "आणि साहेब काय हसायचे! हेल्मेट काढताना तर असे बघायचे, असे बघायचे..."

त्या रात्री जेवताना वहिनींनी विचारलं, "तुम्ही त्या बाईकडे बघून हसता?"

"कुठल्या बाईकडे?"

"कोपऱ्यावरच्या."

"अगं, ती तूच ना!"

"ते मला माहीत आहे. पण माझ्याकडे बघून तुम्ही घरी कधी हसत नाही. तिच्याकडे बघून का हसता?"

आप्पा घासातला खडा शोधू लागले. खडा नव्हता. तांदूळ वहिनींनी निवडलेले होते.

मग आप्पांचीच साक्ष झाली. मॅडम शेजारी बसल्या होत्या आणि वहिनी प्रश्न विचारत होत्या.

"सर, आपलं वैवाहिक जीवन कसं आहे?"

आप्पांनी मॅडमकडे पाहिलं. "हा प्रश्न नियमात बसतो?"

"प्रश्न काकूंनी विचार करून काढलेत, सर. उत्तर द्या."

"ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे उत्तर देताय, की जीवन ठीक आहे?"

"जीवन."

"पत्नीशी संवाद होतो?"

"होतो. एकतर्फी."

"कोणाच्या तर्फे?"

"तिच्या."

पेन थांबलं.

"पत्नीला फिरायला नेता?"

"रोज गाडीव..." आप्पांनी जीभ चावली. "रोज जमत नाही."

"शेवटचं कधी नेलंत?"

"आठवत नाही."

"त्यांना आठवत असेल," वहिनी शांतपणे म्हणाल्या आणि लिहून घेतलं. आप्पा गेल्यावर मॅडम भारावून म्हणाल्या, "काकू, तुम्ही त्या माणसाला बोलतं केलंत! तो कोणाशी दोन वाक्यं बोलत नाही."

त्या संध्याकाळी घरात कुठल्याच तर्फे संवाद झाला नाही.

अहवाल द्यायचा दिवस जवळ आला. हेडमास्तरांचं म्हणणं, 'बाईची ओळख पटू शकली नाही' असं लिहून मोकळं व्हा. पण बाईची ओळख पटली नाही तर आप्पांवरचा संशय कायम राहत होता, आणि संशय असलेल्या माणसासाठी मालक खाली उतरत नाहीत. बाईची ओळख सांगितली तर वहिनींचं वर्ष जात होतं, आणि पुन्हा त्या पायऱ्या चढायला गुडघे तयार नव्हते.

"लिही, प्रेमप्रकरण होतं," आप्पा अखेर म्हणाले. "बाई पुरवठादाराची नव्हती, खाजगी बाब होती, संपली. तुझं काम होईल. माझं काय, मी निवृत्तच होतोय."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. त्यागाच्या त्या क्षणीसुद्धा आप्पांचा हात मिशीवरून फिरत होता. "आणि मी सही करू? माझ्या नवऱ्याला बाहेरची बाई होती म्हणून? त्यापेक्षा पदवी गेली खड्ड्यात."

चौकशी समितीपुढे मॅडम, वर्क्स मॅनेजर आणि हिशेब खात्याचे प्रमुख बसले. आप्पा कोपऱ्यात, वॉचमन दाराशी. वहिनी उभ्या राहिल्या. "निष्कर्ष एका ओळीचा आहे. ती बाई मी. हे माझे यजमान."

हिशेबवाल्यांनी रुमाल काढला. "धन्य आहे," ते म्हणाले. "मॅडम, मन बघा या माउलीचं. दुसऱ्याची अब्रू वाचवायला स्वतःवर घेतायत."

"अहो, खरंच मी आहे!"

"ताई, मी रोज बघितलीय," वॉचमन पुढे झाला. त्याने वहिनींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि दुःखाने मान हलवली. "तुम्ही नाही. तिचा तोराच वेगळा होता."

आयुष्यात पहिल्यांदा दिलेला कबुलीजबाब, तोही रूपावरून नामंजूर! वहिनी अशा लाल झाल्या की मॅडमनी त्यांना पाणी दिलं. लग्नाचा पुरावा आहे का, असं वर्क्स मॅनेजरनी विचारलं. घरी आहे, असं दोघंही म्हणाले. कुठे आहे यावर दोघांनी दोन कपाटं सांगितली. वर्क्स मॅनेजर यंत्रांत वाढलेला माणूस. तो म्हणाला, "कागद कशाला? चालवून बघू."

म्हणून कंपनीच्या आवारात प्रात्यक्षिक झालं. आप्पांची स्कूटर आणली. पिशवीतून कोट निघाला, काळा चष्मा निघाला, हेल्मेट चढलं. जेवणाची सुट्टी होती. कामगार आपोआप दोन्ही बाजूंना उभे राहिले. मधून आप्पा गाडी चालवत आले आणि समितीसमोर थांबले. वहिनी उतरल्या. मागून बस नसल्यामुळे टुणकन उतरता आलं नाही, गुडघा धरून उतरल्या. गर्दीतून निराशेचा सूर निघाला.

मग बक्कल अडकलं. आप्पांनी हनुवटीखाली हात घातला. बक्कल निघेना. आप्पांनी ओढलं.

"अहो, केस!" हेल्मेटच्या आतून आवाज आला. "रोज सांगते, आधी डावीकडचं दाबा! डावीकडचं! तुमची डावी कुठली? एक वस्तू धड हाताळता येत नाही, आणि म्हणे भांडार सांभाळतात!"

"तू मान हलवतेस म्हणून..."

"मी? मी हलवते?"

"पुरे," वर्क्स मॅनेजर म्हणाले. "नवराबायको आहेत."

आप्पा निर्दोष सुटले. पण आवारात टाळी वाजली नाही. वॉचमन खाली बघत होता. "बायकोच निघाली," तो कोणाला तरी म्हणाला, घरात कोणी गेल्यासारख्या आवाजात. जो फिटर खांद्यावर हात ठेवून गेला होता तो पाठ फिरवून निघाला. दुपारी कॅन्टीनमध्ये चहा पूर्वीसारखा पाणचट आला. संध्याकाळपर्यंत आप्पांची किंमत चौकशीच्या आधी होती तिथे येऊन टेकली, किंबहुना थोडी खालीच. निष्कलंक चारित्र्य परत मिळाल्याचं इतकं दुःख आजवर कोणाला झालं नसेल.

आणि वहिनींचा प्रश्न तर उभाच होता. मॅडम रडवेल्या झाल्या. "काकू, मला कॉलेजला कळवावं लागेल. नातेवाईक नोकरीत आहेत. मूल्यमापन सोमवारी आहे."

त्या रात्री वहिनींनी पिशवी पुन्हा कपाटावर टाकली. आप्पा पुस्तिका घेऊन बसले. आयुष्यभर त्यांनी नियमात भिंत बघितली होती, दार कधी शोधलं नव्हतं. ओळ न् ओळ बोट फिरवत ते वाचत गेले, आणि एका शब्दाशी बोट थांबलं. नातेवाईक 'नोकरीत असेल' तर. असेल. होता, असं कुठे लिहिलं नव्हतं.

सकाळी त्यांनी दाढी केली, मिशीचा रंग धुऊन टाकला आणि मालकांकडे जाऊन मुदतीआधीच निवृत्ती मागितली. मालक म्हणाले, "अहो, थोडं थांबा. पद्धतीप्रमाणे निरोप तरी देऊ." आप्पा म्हणाले, "सोमवारच्या आत हवी." कारण विचारलं तेव्हा म्हणाले, घरगुती आहे.

मुदत पूर्ण झाली नव्हती. त्यामुळे मालक खाली उतरले नाहीत, यंत्रं थांबली नाहीत. शनिवारी आप्पांनी भांडाराची किल्ली दिली, हातात डबा घेतला आणि ऐन कामाच्या वेळेत मोकळ्या आवारातून चालत फाटकापर्यंत गेले. नेहमीच्या वेगाने. वहिनींना त्यांनी हे शनिवारी रात्री सांगितलं. आप्पांच्या ताटातला भात संपला होता, तो वहिनींनी न विचारता वाढला.

सोमवारी कॉलेजात तोंडी परीक्षा. व्हरांड्यात पोरापोरींचा गलका, आणि त्यांच्यात बाकावर आप्पा. शिपायाने विचारलं, "तुम्ही कोणाचे पालक?" आप्पांनी आत बोट दाखवलं. दार अर्धवट उघडं होतं.

"अहवाल उत्तम आहे," परीक्षक म्हणत होते. "शेवटचा प्रश्न. या इंटर्नशिपचा करिअरवर काय परिणाम झाला?"

"कोणाच्या?" वहिनींनी विचारलं.

"कोणाच्या म्हणजे? तुमच्या."

"मला तिथेच नोकरी लागली. उद्यापासून जायचं आहे."

"छान! मग 'कोणाच्या' का विचारलंत?"

बाहेर आप्पा उगाचच बाकावर सावरून बसले.

"एका माणसाने नोकरी सोडली, सर," वहिनी म्हणाल्या. "मी मागितलं नव्हतं. त्याबद्दल अहवालात लिहिलेलं नाही. तुमच्याकडे त्याला मार्क नाहीत."

वहिनी बाहेर आल्या. दोघं जिना उतरू लागले. मधल्या पायरीवर गुडघा धरून वहिनी थांबल्या, तेव्हा आप्पाही थांबले.

"उद्यापासून मी सकाळी निघणार," वहिनी म्हणाल्या. "मग घरचा स्वयंपाक कोणी बघायचा?"

आप्पांनी घसा साफ केला. "मी बघेन म्हणतो."

वहिनींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आधीचा अनुभव?"

आप्पांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"चहा," ते म्हणाले. "एकदा."

"कसा झाला होता?"

"तू आजारी होतीस. तू काही बोलली नव्हतीस."

वहिनी हसल्या. पायरीवर उभ्या राहून, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांची वाट अडवून त्या चांगल्या खळखळून हसल्या, आणि आप्पाही त्यांच्याकडे बघत हसू लागले.

"ठीक आहे," डोळे पुसत वहिनी म्हणाल्या. "बिनपगारी. उद्या सकाळी रुजू व्हा."